चाळिशीनंतर पुन्हा स्केटबोर्डवर

किशोरवयात स्केटबोर्ड चालवणाऱ्या आणि पुढे नोकरी-संसाराच्या धबडग्यात तो सुटलेल्या माणसाने चाळिशीत किंवा पन्नाशीत पुन्हा फळीवर पाय ठेवला की एक गोष्ट लगेच जाणवते, ती म्हणजे अंगातला तोल पुरता गेलेला नसतो. थोड्याच वेळात पाऊल आपोआप योग्य जागी पडू लागते, वळताना खांदे न सांगता फिरतात आणि जुने धाडसही डोके वर काढते. खरी काळजी घेण्याची वेळ हीच असते. एकदा मुरलेले कौशल्य मेंदू आणि मज्जातंतू जपून ठेवतात, त्यामुळे ते लवकर जागे होते. ज्या घोट्यांवर, गुडघ्यांवर आणि मनगटांवर त्या कौशल्याचा भार पडणार असतो, ते अवयव मात्र मधल्या काळात बदललेले असतात. स्नायू काही आठवड्यांत बळकट होऊ लागतात, पण स्नायू हाडाला जोडणाऱ्या कंडरा आणि खुद्द हाडे नव्या भाराला सरावायला महिने घेतात. पहिले तीन महिने जे जमते आहे ते सगळे करून न पाहणे, ही या वयात पुन्हा सुरुवात करणाऱ्याची सर्वांत मोठी शिस्त आहे, असे माझे ठाम मत आहे. पुढचे सारे मार्गदर्शन या एका मुद्द्याभोवती बेतलेले आहे.

वय हा अडसर नव्हे, हे दाखवणारी उदाहरणे भरपूर आहेत. स्केटबोर्डिंगचा ऑलिंपिकमधला पहिला प्रवेश टोकियोत झाला. २०२१ मध्ये प्रत्यक्षात पार पडलेल्या त्या स्पर्धेत दक्षिण आफ्रिकेचा डॅलस ओबरहोल्झर आणि डेन्मार्कचा रुने ग्लिफबर्ग हे दोघेही वयाच्या ४६व्या वर्षी पार्क, म्हणजे खोलगट वाटीसारख्या उतारांवरच्या, प्रकारात उतरले होते. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ग्रेट ब्रिटनकडून खेळलेला अँडी मॅकडोनल्ड ५१ वर्षांचा होता. हवेत अडीच फेऱ्या घेण्याची जी करामत अमेरिकी स्केटबोर्डपटू टोनी हॉकने १९९९ मध्ये एक्स गेम्स या साहसी खेळांच्या स्पर्धेत साधली, ती त्याने २०१६ मध्ये, वयाच्या ४८व्या वर्षी, पुन्हा करून दाखवली. मात्र या मंडळींनी फळी कधी खाली ठेवलीच नव्हती, त्यांचे सांधे सतत त्या कामाला जुंपलेले होते, हेही लक्षात ठेवायला हवे. त्यांच्याकडून उमेद जरूर घ्यावी, वेळापत्रक मात्र आपल्या शरीराकडे पाहून ठरवावे.

आधी शरीराची पाहणी

रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयविकार असल्यास, सांध्याची शस्त्रक्रिया झालेली असल्यास किंवा बरीच वर्षे व्यायाम सुटलेला असल्यास डॉक्टरांशी बोलूनच सुरुवात करावी. रक्त पातळ करणारी औषधे चालू असणाऱ्यांनी तर हे अजिबात टाळू नये, कारण अशा औषधांवर असताना डोक्याला बसलेला साधा वाटणारा मारही आतल्या रक्तस्रावामुळे गंभीर ठरू शकतो. रजोनिवृत्तीनंतर हाडांची घनता झपाट्याने कमी होते, म्हणून त्या टप्प्यावरच्या स्त्रियांनी हाडांच्या घनतेची तपासणी करून घेणे शहाणपणाचे ठरेल.

घरच्या घरी करता येण्याजोग्या दोन चाचण्या पुष्कळ काही सांगून जातात. पहिली म्हणजे अनवाणी एका पायावर अर्धा मिनिट उभे राहणे. दोन्ही पायांवर हे सहज जमत नसेल, तर चालत्या फळीवर चढण्याची घाई करू नये. दुसरी चाचणी घोट्याची. भिंतीसमोर उभे राहून एका पायाचा अंगठा भिंतीपासून सुमारे दहा सेंटिमीटरवर ठेवावा आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवून पाहावा. गुडघा पोहोचत नसेल, तर घोटा पुढे पुरेसा वाकत नाही, असे समजावे. न वाकणारा घोटा फळीवर खाली बसू देत नाही, आणि खाली बसता येत नसले की तोल सावरण्याची निम्मी साधनेच हातून जातात. दोन्ही पायांत मोठा फरक आढळल्यास एखादी जुनी मुरगळ नीट बरी झालेली नसण्याची शक्यता असते, तेव्हा तो पाय फिजिओथेरपिस्टला दाखवून घ्यावा.

डोळ्यांचा मुद्दा सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. या वयात अनेकांच्या चष्म्याला प्रोग्रेसिव्ह काचा असतात. त्यांचा खालचा भाग वाचनासाठी घडवलेला असतो. फळीवरून दोन-तीन मीटर पुढची जमीन न्याहाळताना नजर नेमकी त्याच भागातून जाते, त्यामुळे खडा, भेग किंवा फरशीची वर आलेली कड धूसर दिसते, आणि उंची-अंतराचा अंदाजही चुकतो. खेळण्यासाठी फक्त दूरच्या नंबरचा वेगळा, पट्ट्याने घट्ट बसणारा चष्मा किंवा कॉन्टॅक्ट लेन्स वापरली की हा प्रश्न सुटतो.

जुना बोर्ड, नवा बोर्ड

माळ्यावर ठेवलेला जुना बोर्ड खाली काढण्यात आनंद आहेच, पण त्यावर पाय ठेवण्यापूर्वी त्याचे भाग सुटे करून तपासावेत. स्केटबोर्डची फळी, म्हणजे डेक, बहुधा मेपल लाकडाचे सात पातळ थर चिकटवून केलेली असते. कडेने पाहताना थर सुटलेले दिसले किंवा ट्रकच्या, म्हणजे फळीखाली चाके धरणाऱ्या धातूच्या जोडणीच्या, बोल्टांभोवती भेगा आढळल्या, तर ती फळी भिंतीवर टांगण्यापुरतीच उरली असे समजावे. चाके पॉलियुरेथेनची असतात आणि हा पदार्थ वर्षानुवर्षे पडून राहिला की कडक, गुळगुळीत आणि ठिसूळ होतो, त्यामुळे त्याची पकड जाते. ट्रकमधल्या बुशिंग, म्हणजे वळण देणाऱ्या रबरासारख्या कड्या, दाबून पाहाव्यात. त्यांचा भुगा निघत असेल किंवा त्यांना चिरा पडल्या असतील तर त्या बदलाव्यात. ट्रकचा धातू मात्र सहसा शाबूत राहतो, आणि नव्या बुशिंग, नवे पिव्होट कप (ट्रकचे टोक ज्यात टेकते त्या छोट्या वाट्या) व नवे नट घातले की जुने ट्रक चांगले काम देतात.

नवीन बोर्ड घेणार असाल, तर जुन्या आठवणीतली मापे बाजूला ठेवावीत. नव्वदच्या दशकातल्या फळ्या अरुंद आणि चाके अगदी लहान असत. प्रौढ माणसाच्या पावलाला साधारण ८.२५ ते ८.५ इंच रुंदीची फळी सोयीची वाटते, आणि पाऊल मोठे असल्यास त्याहून थोडी रुंद फळीही चालते. ट्रकच्या आसाची रुंदी फळीच्या रुंदीइतकीच, फार तर पाव इंचाने कमी-जास्त असावी.

पुन्हा सुरुवात करणाऱ्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची निवड चाकांची असते. त्यांचा कडकपणा ‘ए’ या मापपट्टीवरच्या आकड्याने सांगतात. ७८ ते ८७ म्हणजे मऊ, तर ९५ च्या पुढे कडक. लहान आणि कडक चाक बारीकशा खड्यापाशीही एकदम अडते. फळी जागच्या जागी थांबते आणि अंग मात्र त्याच वेगाने पुढे जाते. ५६ ते ६० मिलिमीटर व्यासाचे मऊ चाक तोच खडा ओलांडून जाते आणि खडबडीत रस्त्याचे हादरेही पुष्कळ शोषून घेते, त्यामुळे पहिल्या महिन्यांत ते गुडघ्यांवर उपकारच करते. त्याची एक मर्यादा आहे. ते जमिनीला धरून राहते, त्यामुळे फळी आडवी घसरवून थांबण्याची जुनी सवय असणाऱ्याला ते दगा देते, कारण चाक घसरत नाही आणि माणूस उलटतो. स्केटपार्कच्या गुळगुळीत सिमेंटवर सराव सुरू झाला की ५४ ते ५६ मिलिमीटर व्यासाची आणि ९७ ते ९९ कडकपणाची दुसरी चार चाके बसवावीत. मोठी चाके लावताना फळी आणि ट्रक यांच्यामध्ये सुमारे तीन मिलिमीटर जाडीचे रायझर पॅड घालावे, नाहीतर वळताना चाक फळीला घासून अचानक थांबते.

बेअरिंगवर फार खर्च करण्याचे कारण नाही. स्केटबोर्डला सर्वत्र ६०८ या मापाचे बेअरिंग लागते, म्हणजे आतले भोक ८, बाहेरचा व्यास २२ आणि जाडी ७ मिलिमीटर. प्रत्येक चाकात दोन याप्रमाणे एकूण आठ लागतात. वेष्टनावर ठळक छापलेला एबेक क्रमांक मापांचा काटेकोरपणा दाखवतो, आणि ती प्रतवारी स्केटबोर्डसाठी बनवलेली नाही. स्वच्छ आणि हलके तेल दिलेले साधे बेअरिंग प्रौढ माणसाला पुरून उरते.

जोडणीत दोन ठिकाणी हात सैल ठेवावा. चाकाचा नट पूर्ण आवळून मग किंचित मागे फिरवावा. चाक आसावर अगदी थोडेसे डावी-उजवीकडे सरकेल इतकी मोकळीक राहिली पाहिजे. ती नसेल तर बेअरिंग दाबले जाते आणि चाक जड फिरते. दुसरे ठिकाण म्हणजे ट्रकच्या मधला किंगपिनचा नट. भीतीपोटी तो करकचून आवळण्याचा मोह होतो, कारण मग फळी डगमगत नाही. पण अशी फळी वळतही नाही, आणि वळवण्यासाठी अंग झुकवावे लागते तेव्हा ती जागची न हलल्याने चढणारा बाहेर फेकला जातो. बहुतेक ट्रकमध्ये मुळात येणारी बुशिंग ए मापावर ९० च्या आसपास असते. वजन जास्त असल्यास नट आवळत राहण्यापेक्षा ९४ ते ९६ ची बुशिंग घालून नट माफक ठेवावा. उभे राहून टाचेवर आणि चवड्यावर आळीपाळीने भार दिल्यावर फळी विरोध करत का होईना झुकली पाहिजे, आणि भार काढताच मध्यावर आली पाहिजे.

संरक्षक साधने

लहानपणी हेल्मेट घातले नव्हते, हा युक्तिवाद आता कामाचा नाही. हेल्मेटवर ईएन १०७८ किंवा एएसटीएम एफ १४९२ या मानकाचा उल्लेख असल्याची खात्री करावी. दुसरे मानक खास स्केटबोर्डिंगसाठी केलेले आहे. हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटांवर आडवे बसावे आणि पट्टा लावून डोके हलवल्यावर सरकू नये. ज्या हेल्मेटमधला फोम एकाच आघातासाठी असतो, ते जोराचा मार बसल्यावर बाहेरून धड दिसले तरी टाकून द्यावे.

पडताना माणूस हात पुढे करतो, आणि त्यामुळे मनगटाचे हाड मोडणे ही या खेळातली नेहमीची दुखापत आहे. सपाट जमिनीवरच्या सरावात मनगटाचे गार्ड म्हणूनच मोलाचे. गुडघ्याचे पॅड निवडताना वर कडक प्लास्टिकची वाटी असलेले जाड पॅड घ्यावेत, कारण त्यांच्यावर घसरता येते. नुसते कापडी पॅड जमिनीला अडतात. कोपराचे पॅड सोबतीला असावेतच. कंबर आणि माकडहाडाभोवती फोम असलेली आतली चड्डीही मिळते. मागे पडण्याची धास्ती असणाऱ्यांना ती घातल्यावर इतका धीर येतो की नुसत्या त्या धीरामुळेच पडणे कमी होते.

बूट सपाट तळव्याचे हवेत. धावण्याच्या बुटाचा उंच, फुगीर तळ पावलाला फळीपासून दूर उचलतो आणि घोटा मुरगळण्याची शक्यता वाढवतो. स्केटबोर्डच्या बुटांतही दोन प्रकार आढळतात. पातळ व्हल्कनाइज्ड तळातून फळी चांगली जाणवते, तर जाड कपसोल टाचेला अधिक जपतो. चाळिशीनंतर मी निःसंकोचपणे दुसरा प्रकार सुचवीन.

फळीवर चढण्यापूर्वीचे महिना-दीड महिना

पाय मारून फळी पुढे नेणे बाहेरून सोपे दिसते. प्रत्येक वेळी जमिनीवर पाय मारताना फळीवरचा पाय एकट्याने शरीराचा सगळा भार घेऊन गुडघ्यात वाकतो आणि पुन्हा सरळ होतो, म्हणजे अर्ध्या तासाच्या फेरीत एका पायावरच्या कित्येक बैठका नकळत होतात. हे ओळखून तयारी करावी. साध्या बैठका, आणि त्याहूनही उपयोगी म्हणजे पायरीवरून एका पायाने सावकाश खाली उतरण्याचा व्यायाम, आठवड्यातून तीन वेळा करावा. उतरताना गुडघा आतल्या बाजूला कलू देऊ नये.

टाचेमागची मोठी कंडरा उड्यांच्या खेळात सर्वांत आधी तक्रार करते. तिच्यासाठी पायरीच्या कडेवर चवड्यांनी उभे राहावे, दोन्ही पायांनी वर उठावे, मग भार एका पायावर घेऊन टाच पायरीच्या पातळीखाली सावकाश न्यावी. आधी गुडघा ताठ ठेवून आणि नंतर किंचित वाकवून, पंधरा-पंधराच्या तीन फेऱ्या हे उद्दिष्ट धरावे आणि तिथवर हळूहळू पोहोचावे. जोडीला भिंतीवर किंवा जमिनीवर जोर काढून मनगटे आणि खांदे तयार करावेत.

प्रत्येक सत्राआधी दहा मिनिटे अंग तापवावे. भरभर चालणे, घोटे फिरवणे, पाय पुढे-मागे झुलवणे, अर्ध्या बैठका आणि शेवटी दोन पायांवर बारीक उड्या, असा क्रम ठेवावा. एकाच ताणलेल्या स्थितीत थांबण्याचे व्यायाम खेळ संपल्यानंतर करावेत.

पडायचे कसे

याच भागावर सर्वांत जास्त वेळ द्यावा असे मी सांगेन. पडणे टळत नाही, पण ते शिकता येते, आणि बहुतेक प्रौढ माणसे कित्येक वर्षांत पडलेलीच नसतात.

हिरवळीवर किंवा व्यायामाच्या गादीवर, फळी न घेता सुरुवात करावी. पहिला नियम असा की तोल जातो आहे असे वाटताच खाली बसावे. उंची जितकी कमी, तितका आघात कमी, आणि अनेकदा नुसते खाली बसल्याने गेलेला तोलही परत येतो. पुढे पडताना हात कोपरातून वाकलेले ठेवावेत. तळहात टेकले तरी तिथे अडून न राहता भार मनगटाकडून बाहूकडे, बाहूकडून खांद्यामागे आणि तिथून तिरका पाठीवर जाऊ द्यावा. कुशीवरून लोळण घेतल्यासारखी ही हालचाल उकिडवे बसून, मग चालता चालता, मग हलके धावता धावता करून पाहावी. मागे पडताना हनुवटी छातीला लावून पाठ गोल करावी आणि हात मागे टेकवण्याचा मोह आवरावा, कारण मागे ताठ टेकलेल्या हातावर सगळे वजन येऊन मनगट किंवा कोपर जायबंदी होते.

दुसरी सवय फळीवरून धावत उतरण्याची. चालत्या फळीवरून दोन-चार पावले पळत उतरता आले की कमी वेगातल्या निम्म्याहून अधिक चुका पडण्यापर्यंत पोहोचतच नाहीत. तिसरी सवय गुडघ्यांवर घसरण्याची. जाड पॅड बांधून, गुळगुळीत पृष्ठभागावर धावत येऊन दोन्ही गुडघे एकदम टेकावेत, धड किंचित मागे ठेवावे आणि हात समोर मोकळे धरावेत. उतारांवर खेळणारे जाणकार चुकल्यावर असेच खाली येतात.

पहिल्या फेऱ्या

जागा सपाट, कोरडी, रहदारी नसलेली आणि झाडून घेतलेली असावी. ओल्या जमिनीवर चाके निसटतात, लाकूड फुगते आणि बेअरिंग गंजते, म्हणून तिथे फळी काढूच नये. पहिल्या दिवशी हिरवळीवर किंवा जाड सतरंजीवर फळी ठेवून नुसते उभे राहावे. पाऊल ट्रकच्या बोल्टांवर पडते आहे ना, हे आधी पाहत आणि नंतर न पाहता तपासावे.

पाय मारताना पुढचे पाऊल पुढच्या बोल्टांवर, बोटे प्रवासाच्या दिशेने ठेवून उभे राहावे आणि मागच्या पायाने जमीन ढकलावी. काहींना पुढच्या पायाने जमीन ढकलण्याची जुनी सवय असते. त्यात भार मागच्या ट्रकवर राहून फळी डळमळते, तेव्हा ती सवय मोडण्यासाठी पुनरारंभाइतका चांगला काळ दुसरा नाही. बाजू बदलून, म्हणजे नेहमीच्या उलट पाय पुढे ठेवूनही रोज थोडा वेळ चालवावे. नेहमी एकाच पायावर वाकत राहिल्याने कंबर आणि खुबा एका बाजूने ताठरतात, त्यावर हा चांगला उपाय आहे, शिवाय डोक्यालाही नवे काम मिळते.

थांबणे वेगात जाण्यापूर्वी शिकावे. मागचा पाय फळीवरून उतरवून त्याचा तळवा जमिनीवर सपाट, अगदी हलका घासत न्यावा आणि भार पुढच्या पायावरच ठेवावा. टाच आधी टेकली तर पाय अडकून झटका बसतो.

त्यानंतर किकटर्न, म्हणजे पुढची चाके उचलून फळी वळवणे. बहुतेकांना वाटते की हे पायाचे काम आहे आणि म्हणून ते फळीला लाथाडतात. प्रत्यक्षात वळण खांद्यांतून सुरू होते. मागचे पाऊल टेलवर, म्हणजे फळीच्या मागच्या वर वळलेल्या टोकावर, घ्यावे, गुडघे वाकवावेत, नजर आणि पुढचा खांदा जिकडे जायचे तिकडे आधी न्यावा आणि मगच टेलवर थोडा भार द्यावा. पुढची चाके जमिनीपासून बोटभर उचलली तरी पुरते. खांदे पुढे गेलेलेच असल्यामुळे कंबर आणि तिच्यामागून फळी फिरते. टेलवर जास्त भार पडला की फळी पुढे निसटते आणि माणूस मागे आपटतो, म्हणून डोके कायम फळीच्या मध्यावर राहील याची काळजी घ्यावी. चवड्यांच्या बाजूला आणि टाचांच्या बाजूला, दोन्हीकडे हे वळण सहज येईपर्यंत पुढे जाऊ नये. दोन्ही बाजूंची छोटी वळणे एकापाठोपाठ जोडली की पाय न मारताही फळी पुढे सरकू लागते, आणि हाच टिकटॅकचा सराव घोट्यांना उत्तम व्यायाम देतो.

आठवड्यातून दोन किंवा तीन सत्रे, प्रत्येकी अर्धा ते पाऊण तास, आणि दोन सत्रांमध्ये किमान एक पूर्ण दिवस विश्रांती, हे प्रमाण बरेच दिवस पाळावे. पाय थकले की प्रतिक्रिया मंदावते आणि पावलाची जागा चुकते. एक शेवटचा प्रयत्न करण्याची ओढ नेमकी तेव्हाच लागते. ताजेपणा शिल्लक असतानाच फळी उचलून निघावे.

कोणत्या करामती, कोणत्या क्रमाने

फळी आणि शरीर जमिनीच्या जवळ ठेवणारे स्केटबोर्डिंग हे काही दुय्यम नव्हे. फुटपाथसारख्या बुटक्या, गोलसर कडेवर तिरके येऊन उडी न मारता ट्रक चढवणे, म्हणजे स्लॅपी, हा वयाने मोठ्या खेळाडूंचा आवडता प्रकार आहे, आणि त्यातला ट्रक कडेवर घासल्याचा आवाज व समाधान दोन्ही अस्सल असतात. मागच्या चाकांवर तोल धरून जाणे, म्हणजे मॅन्युअल, अंगातल्या तोलाची बारीक परीक्षा घेते. नो-कम्प्लाय आणि बोनलेस या दोन जुन्या करामतींत एक पाय जमिनीवर टेकून फळी उचलली जाते, त्यामुळे उंचीवर आपला ताबा राहतो. या चारांत एखादे वर्ष सुखाने घालवता येते.

ऑलीकडे कधी वळावे, हा प्रश्न सगळे विचारतात. अ‍ॅलन गेलफंडने सत्तरच्या दशकाच्या अखेरीस हात न लावता फळी हवेत नेण्याची ही युक्ती बाऊलच्या, म्हणजे वाटीसारख्या खोलगट सिमेंटी खड्ड्याच्या, उतारांवर काढली आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला रॉडनी मलेनने ती सपाट जमिनीवर आणली. आजच्या बहुतेक करामतींचा पाया तीच आहे. एका पायावर वीस-पंचवीस वेळा टाच उचलता येत असेल, दोन पायांवरच्या लहान उड्या मारल्यावर दुसऱ्या दिवशी टाच किंवा गुडघा दुखत नसेल, आणि सुमारे तीन महिन्यांचा नियमित सराव झालेला असेल, तर ऑली सुरू करावी. जागच्या जागी शिकण्यापेक्षा चालण्याच्या वेगाने सरकत शिकणे मला अधिक सुरक्षित वाटते, कारण स्थिर फळीवर भार किंचित मागे-पुढे पडला तरी ती पायाखालून निसटते. उतरताना दोन्ही पावले बोल्टांवर आणि गुडघे वाकलेले हवेत. हवेत असतानाच उडी फसल्याचे कळले तर फळीवर पाऊल आणण्याचा हट्ट सोडून ती पायाने दूर सारावी आणि जमिनीवर उतरावे, कारण अर्धवट फळीवर पडलेले पाऊल घोटा मुरगळवते. एका सत्रात ऑलीचे प्रयत्न मोजकेच ठेवावेत.

उतार आणि स्केटपार्क

उतारांवरचे खेळणे गुडघ्यांना पुष्कळदा सपाट जमिनीवरच्या उड्यांपेक्षा सोसवते, कारण वळणदार पृष्ठभाग आघात एकदम न देता वाटून देतो. मात्र वरच्या कडेवरून खाली झेपावण्याआधी खालूनच सुरुवात करावी. थोडा वेग घेऊन बुटक्या उतारावर चढावे, चढताना पाय सरळ करत आणि उतरताना वाकवत वेग टिकवावा, आणि वर किकटर्न घेऊन परतावे. हे दोन्ही बाजूंना सहज येऊ लागले की वरून उतरण्याचा विचार करावा. सुरुवातीचा उतार कमरेपेक्षा बुटका असावा. टेल कडेवर दाबून उभे राहिल्यावर पुढचे पाऊल बोल्टांवर ठेवावे, गुडघे वाकवावेत आणि एकदा ठरले की पुढच्या चाकांवर सगळा भार निःशंकपणे टाकावा. अर्धवट मनाने मागे रेललेला माणूसच इथे पडतो, आणि तोही पाठीवर. शेजारी अनुभवी व्यक्ती हात धरायला असेल तर संकोच न बाळगता तिची मदत घ्यावी.

स्केटपार्कमध्ये शक्यतो सकाळी लवकर जावे, तेव्हा गर्दी कमी असते. दुसऱ्याची पाळी चालू असताना मध्ये शिरू नये, उताराच्या पायथ्याशी बसू नये आणि फळी निसटली तर मोठ्याने सावध करावे. तिथली मुले वयाने निम्म्याहून लहान असतील, पण शिकवायला ती फार उदार असतात. त्यांना मोकळेपणाने विचारावे.

दुखले तर

स्नायूंचे दुखणे दुसऱ्या दिवशी वाढते आणि दोन-तीन दिवसांत ओसरते, त्याची धास्ती नको. सकाळी उठल्यावर पहिल्या पावलांना टाचेमागे ताठरपणा जाणवू लागला किंवा गुडघ्याच्या वाटीखाली एकाच बिंदूवर दुखत राहिले, तर कंडरेवर झेपण्यापेक्षा जास्त भार पडला आहे असे समजून उड्या थांबवाव्यात. चालवणे हलके चालू ठेवण्यास हरकत नाही. मुरगळलेल्या पायावर चार पावलेही टाकता येत नसतील, तर एक्स-रे काढून घ्यावा. पडल्यावर अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या खोलगट भागात दाबून दुखत असेल, तर सूज नसली तरी दुर्लक्ष करू नये. तिथल्या स्कॅफॉइड या लहान हाडाची मोड पहिल्या एक्स-रेमध्ये कधी कधी दिसत नाही, आणि उपचाराविना राहिल्यास ते हाड नीट जुळत नाही. दुखणे टिकून असल्यास डॉक्टरांकडे पुन्हा तपासणीचा आग्रह धरावा. डोक्याला मार बसून गरगरले, उलटी झाली, गोंधळल्यासारखे वाटले किंवा मधला काही वेळ आठवत नसेल, तर त्या दिवसाचा खेळ तिथेच संपवून लगेच वैद्यकीय मदत घ्यावी आणि घरी एकट्याने जाऊ नये.

दुखापतीनंतर पुन्हा परतताना जिथे सोडले होते तिथून सुरुवात करू नये. आधी एका पायावर उभे राहणे आणि पायरीवरून टाच खाली नेणे, ते वेदनेविना जमल्यावर सपाट जमिनीवर पाय मारणे आणि थांबणे, मग वळणे, आणि सर्वांत शेवटी उड्या, असा तोच क्रम पुन्हा लावावा. प्रत्येक पायरीवर निदान दोन सत्रे झाल्यावर आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणे वाढलेले नाही याची खात्री पटल्यावरच पुढची पायरी घ्यावी.